भिंतीतील बोल्ट किती भार पेलणार?

पेण/रोहा, प्रतिनिधी : गिझर, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग, खिडकीची लोखंडी जाळी किंवा पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांतील मांडणी, या साऱ्यांचा भार अखेर भिंतीतील तीन-चार बोल्टांवर येतो. 25 लिटरच्या गिझरमध्ये केवळ पाण्याचेच वजन 25 किलो असते. 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेस धडकलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य छपरे उडवली. जोडणी पक्की नसेल तर वस्तू कितीही मजबूत असली तरी उपयोग नाही, हाच त्याचा धडा.

रावल बोल्टचे तत्त्व

हार्डवेअरच्या दुकानात 'रावल बोल्ट' किंवा 'अँकर फास्टनर' म्हणून मिळणाऱ्या बोल्टच्या टोकाशी निमुळता शंकू व त्याभोवती चिरलेले धातूचे कवच असते. नट आवळला की शंकू वर ओढला जातो, कवच फाकते आणि छिद्राच्या भिंतीवर घट्ट दाबले जाते. या दाबातून निर्माण होणारे घर्षणच भार पेलते. ब्रिटनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भिंतीत बसवायची गिट्टी प्रचारात आणली. 'रावल' हे नाव त्यांच्यावरूनच आले. 1958 मध्ये जर्मनीच्या आर्थर फिशर यांनी प्लॅस्टिकची गिट्टी तयार केली. हलक्या वस्तूंसाठी ती पुरते, जड वस्तूंसाठी नाही.

भिंत ओळखा

फाकणारा बोल्ट भरीव काँक्रीटमध्ये उत्तम काम करतो. जांभ्याचा चिरा मात्र सच्छिद्र व ठिसूळ असल्याने त्या दाबाने आतून चुरतो. अशा भिंतीत आरपार बोल्ट घालून मागील बाजूस लोखंडी पट्टी लावणे किंवा रासायनिक अँकर वापरणे श्रेयस्कर. पोकळ ब्लॉकमध्ये रासायनिक अँकरसोबत जाळीचे कवच लागते. विटांच्या भिंतीत सांध्यातील चुना-सिमेंटमध्ये छिद्र पाडू नये. गिलाव्याची जाडी खोलीत धरू नये. बोल्टची पकड त्यामागील भिंतीतच हवी.

अंतराचे गणित

ओढ वाढल्यास काँक्रीटचा शंकूच्या आकाराचा तुकडा बोल्टसह निघून येतो. त्याची त्रिज्या पकडीच्या खोलीच्या साधारण दीडपट असते. म्हणून 60 मिलिमीटर खोलीच्या दोन बोल्टांत 180 आणि काँक्रीटच्या कडेपासून 90 मिलिमीटर अंतर ठेवल्यास पूर्ण ताकद मिळते. अंतर कमी केल्यास भारही कमी धरावा.

काय काळजी घ्याल?

• उत्पादकाने सांगितलेल्या मापाचेच बिट वापरा. सैल छिद्रात पकड येत नाही.
• छिद्रातील भुकटी ब्रश व हवेने पूर्ण काढा.
• नट सांगितलेल्या ताकदीनेच आवळा; अतिरेकाने काँक्रीट फुटते.
• ड्रिलला सळई लागल्यास ती कापू नका, छिद्राची जागा बदला.
• धरमतर खाडीची खारी हवा आणि धाटावच्या रासायनिक वसाहतीचा परिसर लक्षात घेता, उघड्यावर साधा जस्ताचा मुलामा टिकत नाही. तेथे 316 दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरावे.

भरीव भिंती, छत व जमिनीतील अशा जोडण्यांसाठी भारतीय मानक 1946 (1961) उपलब्ध आहे. पाण्याची टाकी, छपराचा सांगाडा किंवा गॅलरीचा कठडा अशा जोखमीच्या कामांत मात्र स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणेच इष्ट. चार बोल्टांचा खर्च किरकोळ असतो. ते निसटले तर किंमत माणसाला मोजावी लागते.