मेंदूचा मुलूख : लेखांक सातवा – कंबर, मन आणि स्मृती

कापसाची वेचणी सरत आली की बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्याच्या दवाखान्यांत आसपासच्या खेड्यांतून ज्या वयस्क स्त्रिया येतात, त्यांच्या तोंडी तीन तक्रारी पुष्कळदा एकाच दमात येतात : कंबर धरली आहे, कशात जीव लागत नाही, आणि हल्ली फार इसर पडतो. आपल्या वैद्यकीय व्यवस्थेने मात्र या तिन्हींची तीन खाती पाडून ठेविली आहेत. कंबरेसाठी सुई आणि गोळ्या, मनासाठी मानसोपचारतज्ज्ञ, ज्याच्याकडे जाण्यास घरचेच नाखूश, आणि विसराळूपणा तर ‘वयच झाले’ या एका शेऱ्यानिशी दप्तरबंद. चेतामंडलांचे, म्हणजे परस्परांशी जोडलेल्या चेतापेशींच्या जाळ्यांचे, आजचे संशोधन या विभागणीला अनुकूल नाही. या तीन व्यथांच्या वाटा मेंदूत जेथे एकत्र येतात अशी काही स्थाने आता निश्चितपणे दाखविता येतात.

जेवढी इजा तेवढी वेदना, हा समज १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी खोडून काढला. इजेची वर्दी मेंदूकडे जशीच्या तशी जात नाही. मज्जारज्जूच्या पाठीकडील भागात, म्हणजे पृष्ठशृंगात, तिची छाननी होते, तेथे ती कधी अडविली जाते, कधी वाढवून पुढे धाडली जाते, आणि ठेचाळलेला अंगठा चोळल्याने बरे वाटते ते स्पर्शाचे जाड तंतू वेदनेची वाट रोधतात म्हणून, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांना, उंदरांच्या मध्यमेंदूतील एका विशिष्ट भागाला विद्युत्प्रवाह दिला असता, भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया करता आली, तेव्हा वेदना आवरण्याचा हुकूम वरून खालीही येतो हे उघड झाले. तो हुकूम पोचविणाऱ्या रसायनांत सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन ही दोन प्रमुख, आणि विषादावरील, म्हणजे नैराश्याच्या विकारावरील, पुष्कळ औषधांचे कार्यही याच दोहोंवर चालते. ड्युलोक्सेटिन हे औषध विषादावरही देतात आणि मधुमेहाने पायांत होणाऱ्या आगीवरही, ते यामुळेच. कंबरदुखीसाठी ‘मनाची गोळी’ लिहून दिली म्हणजे डॉक्टरांनी आपले दुखणे खोटे ठरविले, असे वाटून जे रुग्ण ती गोळी टाकून देतात त्यांना हे कोणीतरी बसून समजावून सांगावयास हवे.

सेरोटोनिनविषयीचे महत्त्वाचे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य आणि त्यांचे सहकारी करीत आले आहेत. २०१९ साली त्यांनी प्राण्यांच्या चेतापेशींवरील प्रयोगांतून दाखविले की सेरोटोनिन हे केवळ निरोप्याचे काम करीत नाही, तर पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढवून तिला ताण सोसण्याचे बळही देते. प्रयोगशाळेतील पेशीपासून माणसाच्या मनापर्यंतचे अंतर फार मोठे आहे, हे खरे. तरीही दीर्घ ताणाने मेंदू थकतो या म्हणण्याला त्यातून देहगत आधार मिळतो.

माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत विचारप्रवर्तक स्थान मस्तिष्कस्तंभातील लोकस सेरुलियस हा निळसर ठिपका होय. तुलनेने मोजक्याच चेतापेशींचा हा पुंजका जवळजवळ सबंध मेंदूला नॉरॲड्रेनलिन पुरवितो. सावधपणा, मनाची उभारी आणि वेदनेचे नियमन या तिन्हींत त्याचा वाटा आहे. हायको ब्राक यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत, अल्झायमरच्या विकाराशी निगडित असलेल्या टाऊ प्रथिनाचे प्रारंभिक विकृत रूप, स्मृतीच्या केंद्रांत काहीही दिसण्यापूर्वी, कित्येकदा तरुण वयातच, येथे आढळले. बहुधा म्हणूनच उतारवयात प्रथमच आलेली उदासी ही काही वेळा स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना ठरते. आणि याच्या उलट, काही वेळा केवळ विषादानेच स्मृती मंदावते व उपचारांनी पुष्कळशी परत येते. या दोहोंतील फरक तपासणीवाचून कळत नाही, आणि तपासणी तर ‘वयच झाले’ या शेऱ्यापाशीच थांबलेली असते! भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमाण शहरांहून खेड्यांत आणि पुरुषांहून स्त्रियांत अधिक आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची वेदना नाहीशी होत नाही, ती सांगण्याची शक्ती मात्र जाते. नॉर्वेतील शुश्रूषागृहांत अशा ३५२ अस्वस्थ वृद्धांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका गटाला पद्धतशीर वेदनाशामक उपचार दिले. आठ आठवड्यांत त्यांची चिडचीड आणि आरडाओरड लक्षणीय कमी झाली. घरातील आजी अंघोळ घालताना अंगावर धावून येते तेव्हा तिचा खांदा दुखत नाही ना, हे आधी पाहावे. उठविताना तिच्या कपाळावर आठ्या पडतात काय, एखादा सांधा ती झाकून धरते काय, यांतून ते कळू शकते.

वेदनेची असो वा मनाची, विचारपूस करण्याचे काम केवळ तज्ज्ञांनीच करावे, असेही नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाने गावच्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले, तेव्हा विषादग्रस्तांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.