ताण म्हणून सोडून दिलेला आजार



गेल्या वर्षी जानेवारीत आयसेलिनमध्ये बर्फ पडत असतानाही आमच्या सहचारिणीला उकडत असे. जेवण वाढले होते, तरी वजन घटत होते. ओक ट्री रोडवर भेटणाऱ्या मैत्रिणी "किती छान बारीक झालीस!" म्हणून कौतुक करीत. हातांची थरथर, चिडचिड, निद्रानाश या साऱ्यांचे खापर आम्ही नोकरीच्या ताणावर आणि व्हिसाच्या काळजीवर फोडले. अखेर मेट्रोपार्क स्थानकाचा जिना चढताना छातीत इतके धडधडले की ती मध्येच खाली बसली. रक्ततपासणीत टीएसएच जवळजवळ शून्य, तर टी-थ्री व टी-फोर वाढलेले आढळले. पुढील तपासण्यांत निदान झाले : ग्रेव्हज आजार.

कोणी "नजर लागली" म्हटले असते, तर आम्ही हसलो असतो. परंतु तपासल्याविना "ताण आहे" म्हणणारे आम्ही तरी कोणते वेगळे होतो?

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला चेतवीत राहते आणि संप्रेरक गरजेपेक्षा अधिक स्रवते. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी अधिक आढळतो. उपचार न झाल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्यातून पक्षाघात किंवा हृदय निकामी होण्याचा धोका संभवतो. हाडे ठिसूळ होतात. काहींचे डोळे पुढे येतात. धूम्रपानाने हा त्रास बळावतो. गरोदरपणी गर्भपाताची व अकाली प्रसूतीची भीती असते. तीव्र ताप, अतिवेगाने चालणारी नाडी आणि भ्रम एकत्र दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ती प्राणघातक अवस्था असू शकते.

उपचारांचे मार्ग तीन. पहिला गोळ्यांचा, त्या बहुधा बारा ते अठरा महिने घ्याव्या लागतात. गोळ्या चालू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर त्या थांबवून त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात. दुसरा किरणोत्सारी आयोडीनचा. हे नाव ऐकून आम्ही दचकलो. पण ग्रंथी आयोडीन शोषून घेते, याच गुणाचा हा उपयोग आहे. बोस्टनमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये तो प्रथम केला. मुंबईत परळला १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येही थायरॉईडच्या रुग्णांवर असे उपचार होत आले आहेत. गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना मात्र ते देत नाहीत. तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. ग्रंथी पूर्ण काढल्यास थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. आयोडीननंतरही बहुतेकांना ती लागते.

आयोडीन घेतल्यावर काही दिवस लहान मुलांना जवळ घेता येत नाही. आमची धाकटी दोन वर्षांची, म्हणून सहचारिणीने गोळ्या निवडल्या.

तरीही आमची एक चूक झालीच. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला गेलो असता येथील मेथिमॅझोल संपली. तेथे मिळणारी कार्बिमॅझोल तितक्याच मिलिग्रॅमची घेतली आणि काही आठवड्यांत धडधड परतली. दहा मिलिग्रॅम कार्बिमॅझोल म्हणजे सुमारे सहाच मिलिग्रॅम मेथिमॅझोल, हे नंतर कळले. प्रवासाला निघताना गोळ्या पुरेशा न्याव्यात आणि बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या भगिनींनी चाचणीपूर्वी ते डॉक्टरांना सांगावे. त्याने आकडे फसवे येऊ शकतात.

आज तिची नाडी शांत आहे. आपल्या घरातही कोणी अकारण बारीक होत असेल, तर कौतुक करण्याआधी एकदा टीएसएच तपासून घ्यावे, एवढीच विनंती.

जय भीम.