रेशीमकिड्याच्या रक्तातली साखर

ट्रेहॅलोज ही ग्लुकोजचे दोन रेणू जोडून झालेली साखर. गोडी उसाच्या साखरेच्या निम्म्याहून किंचित कमी. १८३२ मध्ये ती अर्गट बुरशीत आढळली. १८५८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांनी भुंग्याच्या कोषातून ती वेगळी काढली. माणसाच्या रक्तात ग्लुकोज फिरते, कीटकांत मात्र ते काम मुख्यतः ट्रेहॅलोज करते, हे संशोधक वायट आणि काल्फ यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले.

यामागचे रसायन फार सुंदर आहे. ग्लुकोज प्रथिनांना चिकटते. मधुमेहींची 'तीन महिन्यांची साखर' त्यावरूनच मोजतात. ट्रेहॅलोजमधल्या दोन्ही ग्लुकोज रेणूंची क्रियाशील टोके परस्परांत गुंतलेली असल्याने रक्तात त्याचा मोठा साठा केला तरी प्रथिनांना अपाय होत नाही. चंद्रिकेवर (कोष विणण्यासाठीच्या चौकटीवर) चढलेली रेशीमअळी पाला सोडूनही दोन-तीन दिवस कोष विणत राहते, ती अशा साठ्यांच्या जोरावर.

अंड्यात ही साखर वेगळेच रूप घेते. म्हैसूर शहरात १९६१ पासून केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. म्हैसूर भागातली जुनी 'प्युअर मैसूर' जात वर्षभर पिढ्यांमागून पिढ्या देते. संस्थेने विकसित केलेल्या सीएसआर मालिकेतील बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) वाणांचे रेशीम सरस, पण त्यांची अंडी सुप्तावस्थेत जातात. मादीच्या रक्तातले ट्रेहॅलोज बीजांडात ग्लायकोजेन म्हणून साठते आणि सुप्तावस्थेत त्याचे सॉर्बिटॉल व ग्लिसरॉल होते. पुढे थंडीचा काळ सरला की उलटा प्रवास होऊन पुन्हा ग्लायकोजेन तयार होते. शेतकऱ्याला लगेच पीक हवे असेल, तर अंडीपुंज केंद्रात सुमारे वीस तासांची अंडी ४६ अंश सेल्सिअसच्या हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटे बुडवतात. मग सुप्तावस्था येतच नाही आणि दहा-अकरा दिवसांत अळ्या बाहेर पडतात. मराठवाड्यातले तुती उत्पादकही बायव्होल्टाइन कोष घेतात, त्यामुळे हे तंत्र त्यांच्याही कामाचे आहे.

दुष्काळात ट्रेहॅलोजची खरी ताकद दिसते. आफ्रिकेतल्या एका माशीची अळी डबके आटले की पूर्ण सुकते. तिच्या कोरड्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा ट्रेहॅलोज असतो. पाणी गेले की ही साखर पेशीपटल व प्रथिनांभोवती पाण्याची जागा घेते, शिवाय काचेसारखी गोठून त्यांची घडी मोडू देत नाही. पाण्याचा थेंब मिळताच ती विरघळते आणि अळी हलू लागते. सुके यीस्टही याच आधाराने तग धरते.

१९९० च्या दशकात जपानमध्ये स्टार्चपासून ट्रेहॅलोज स्वस्तात बनू लागले. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब हे प्रथिन-औषध पावडर स्वरूपात टिकवण्यासाठी आज हीच साखर वापरतात.