‘मरणे’, ‘मारणे’ आणि निषेधाचे काव्य

‘मरणे’ आणि ‘मारणे’ या क्रियापदांत एका मात्रेचे अंतर आहे. परंतु पहिल्यात मरणाराच कर्ता असतो, दुसऱ्याला मारणारा लागतो. ‘प्राण गेले’, ‘बळी पडला’ या रूढ प्रयोगांत मारणारा वाक्याबाहेरच राहतो. निरपराधांच्या हत्येवरील निषेधकाव्य या लुप्त कर्त्याला वाक्यात परत आणते, असे आमचे प्रतिपादन आहे.

वर्णभेदाखालील दक्षिण आफ्रिकेत १९६० साली इंग्रिड योंकर हिने न्यांगा येथील बालकावर आफ्रिकान्स भाषेत कविता लिहिली. तिच्या मूळ शीर्षकातील प्रयोग कर्मणी आहे. तथापि बालक ‘सैनिकांकडून’ मारले गेले, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बालक मात्र अनाम आहे.

मराठवाड्यात, याच्या उलट, विशेषनामालाच महत्त्व आले. कारण लढाच नावाचा होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि सवर्ण जमावांनी दलित वस्त्यांवर हल्ले केले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे जमावाने पोचिराम कांबळे यांना ठार मारले. पुसेगाव तेव्हा ज्यात मोडत असे, तो परभणी जिल्हाही या दंगलींतून सुटला नाही. आंबेडकरी कवींनी व शाहिरांनी पोचिरामांचे नाव जपले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. हे मृत्यू मात्र वृत्तांतांत पुष्कळदा ‘बळी गेले’ एवढ्यावरच आटोपतात.

म्हणून या परिसरातील गीतांचे संकलन करणाऱ्या अभ्यासकाने मृताच्या नावाबरोबरच क्रियापद व त्याचा कर्ताही टिपावा. करुणा आणि आरोप यांतील सीमारेषा तेथेच आहे.