संगणकाचा परिवार: गडबच्या घराच्या दृष्टीनें

मुंबईहून निघालेला प्रवासी पनवेल व पेण मागें टाकून कोंकणच्या वाटेला लागला म्हणजे पेण आणि नागोठणें यांच्या दरम्यान, महामार्गाच्या कडेला, गडब हें गांव त्याला लागतें. पूर्वेकडे डोंगराच्या रांगा, पश्चिमेकडे धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेली खारजमीन आणि शेजारींच डोलवीचा पोलादाचा कारखाना, अशी या भागाची ठेवण आहे. अशा गांवांतील पुष्कळ कुटुंबांचा एक पाय घरीं, तर दुसरा पनवेल-मुंबईंत असतो. त्यामुळें शहरांतील दुकानांत घेतलेला संगणक दिवाळीच्या अगर मे महिन्याच्या सुटींत गांवच्या घरीं येऊन पोंचतो. कधीं मुलांच्या अभ्यासासाठीं, कधीं घरच्या हिशेबासाठीं, तर कधीं वडील माणसांना दूरच्या नातवंडांचीं तोंडें पाहतां यावींत म्हणून.

संगणक निवडतांना घरांतील चार माणसें विचार करतात, दहा दुकानें हिंडतात. परंतु त्याच्या भोंवतीं लागणारा परिवार, म्हणजे कीबोर्ड, माऊस, पडदा, प्रिंटर, यूपीएस, साठवणीची डिस्क व या सर्वांना जोडणाऱ्या तारा, हा मात्र भाजीवर कोथिंबीर मागून घ्यावी तसा शेवटच्या पांच मिनिटांत घेतला जातो. वस्तुतः माणसाच्या हाताला, डोळ्याला आणि कागदाला भिडतो तो हा परिवारच. संगणकाचा मेंदू पेटींत सुरक्षित असतो. दमट हवा, धूळ, विजेचा लहरीपणा व मुलांची आदळआपट यांचा मार प्रथम बसतो तो या बाहेरच्या मंडळीला. म्हणून ही मंडळी दुकानांतील झगमगाट पाहून निवडूं नये. ज्या घरांत ती नांदावयाची त्या घराची हवा, तेथील वीज आणि तेथील माणसांचें काम पाहून निवडावी. दादरच्या सदनिकेंत जें उत्तम तें गडबच्या कौलारू घरांत उत्तम ठरेलच असें नाहीं.

पहिला विचार विजेचा. भारतांत घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरलेला आहे. परंतु गांवाच्या टोंकाला, रोहित्रापासून म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात त्यापासून दूर असलेल्या घरांत संध्याकाळीं तो खालीं येतो. आणि गेलेली वीज परत येतांना क्षणभर उसळी मारते, ती निराळीच. म्हणून कोणतेंही उपकरण घरांत येण्यापूर्वीं अर्थिंग तपासून घेणें हें पहिलें कार्य होय. थ्री-पिन प्लगमधील सर्वांत जाड व लांब पिन ही अर्थिंगची. ती लांब ठेवण्यांत हेतु असा कीं, प्लग बसवितांना जमिनीशीं जोड सर्वांत आधीं व्हावा आणि काढतांना सर्वांत शेवटीं सुटावा. खारजमिनींत ओल व क्षार असल्यामुळें वीज जमिनींत सहज उतरते, ही सोय. पण तोच क्षार पुरलेल्या लोखंडी नळीला व तिच्या जोडाला लवकर खातो, ही गैरसोय. दहा-पंधरा वर्षांपूर्वीं केलेलें अर्थिंग आज नांवालाच उरलें असणें अगदीं शक्य आहे. वायरमनला बोलावून तें मोजून घेण्यास फार तर अर्धा दिवस मोडतो. हें न करतां सर्ज-प्रोटेक्टरची महागडी पट्टी घेणाऱ्याचा पैसा बराचसा वायां जातो. कारण त्या पट्टींतील व्हॅरिस्टर नांवाचा भाग वाढलेला दाब ज्या वाटांनीं वळवितो, त्यांपैकीं एक मोठी वाट अर्थिंगचीच. शिवाय प्रत्येक तडाख्यागणिक तो थोडाथोडा झिजतो. पट्टीवरचा लाल दिवा वीज आल्याचें सांगतो. संरक्षण शाबूत असल्याचें तो सांगेलच असें नाहीं.

वळवाच्या आणि परतीच्या पावसांत कडकडाट सुरू झाला म्हणजे मात्र प्लग काढून ठेवण्यासारखा दुसरा उपाय नाहीं. इंटरनेटची तार तांब्याची असेल तर तीही काढावी. कांचतंतूची असेल तर तिच्यांतून वीज येत नाहीं. परंतु तिच्या पेटीचा अडॅप्टर भिंतींतील विजेशीं जोडलेला असतोच, हें विसरूं नये.

यूपीएसच्या खोक्यावर ‘६०० व्हीए’ असा आंकडा असतो आणि घेणाऱ्याला तो वॅटचा वाटतो. या प्रकारच्या घरगुती यूपीएसची खरी शक्ति बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते, आणि आंतील १२ व्होल्टची लहान बॅटरी साध्या संगणकाला व पडद्याला पंधरा-वीस मिनिटें पोसूं शकते. हातांतील काम जतन करून संगणक रीतसर बंद करावा एवढ्यासाठींच ती आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां जिल्ह्यांतील कित्येक गांवें दिवसचे दिवस अंधारांत होतीं. तसल्या प्रसंगाची तजवीज यूपीएस करीत नाहीं, आणि विक्रेता तशी आशा दाखवीत असेल तर दुसरें दुकान पाहावें. घरांत इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागील बाजूस यूपीएसचा खटका आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. पुष्कळ इन्व्हर्टरांत तो असतो, आणि तो चालू केल्यावर वीज जातांना संगणक बंद न पडण्याइतकी चपळाई त्यांत येते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. तेथें यूपीएसचा खर्च राऊटरसाठीं मिळणाऱ्या छोट्या बॅटरीवर करणें अधिक शहाणपणाचें. बॅटरी सरासरी दोन-तीन वर्षांत थकते. बसविली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पक्क्या शाईनें लिहून ठेवावी.

आतां हवेचा विचार. या पट्ट्यांत वर्षाला तीन हजार मिलीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पेणचा पापड मे महिन्यांत कसा खणखणीत असतो आणि श्रावणांत डब्याचें झांकण सैल राहिलें तर त्याची काय दशा होते, हें कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको. छपाईच्या कागदाची तीच गत होते. तो हवेंतील ओल पितो, वांकतो आणि प्रिंटरमध्यें अडकतो. दोष मात्र प्रिंटरच्या माथीं मारला जातो. कागदाचें रीम त्याच्या मूळ वेष्टनांत ठेवावें, आणि लागतील तेवढींच पानें बाहेर काढावींत.

प्रिंटर निवडतांना ‘किंमत किती’ या प्रश्नाआधीं ‘आठवड्याला पानें किती’ हा प्रश्न विचारला पाहिजे. शाईच्या प्रिंटरचीं तोंडें केंसाहून बारीक असतात. तो तीन-चार आठवडे पडून राहिला कीं शाई तोंडाशींच सुकते, आणि तीं साफ करण्यांत निम्मी शाई खर्ची पडते. जेथें रोज अभ्यासाचीं रंगीत पानें निघतात तेथें टाकीचा प्रिंटर, म्हणजे इंक टँक, पानामागें फार स्वस्त पडतो. परंतु जें घर शनिवार-रविवारीं उघडतें, किंवा जेथें महिन्यांतून चार अर्ज छापावयाचे असतात, तेथें काळा-पांढरा लेझर प्रिंटरच घ्यावा. त्याची शाई म्हणजे कोरडी पूड. ती सुकण्याचा प्रश्नच नाहीं. ती पूड उष्णतेनें वितळून कागदाला चिकटते, त्यामुळें गडबहून पेणच्या तहसील कचेरींत पावसांतून नेलेला कागद भिजला तरी अक्षरें पसरत नाहींत. शाईच्या प्रिंटरांत ही खात्री नसते. काळी शाई पिगमेंटची असेल तर ती टिकते, डायची असेल तर एका शिंतोड्यानें सहीजवळचा मजकूर ओघळतो. दुकानदाराला हा एक प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर न आल्यास खोक्यावर शोधावें.

लेझरची एक खोड मात्र ध्यानांत ठेवली पाहिजे. पूड वितळविण्यासाठीं तो क्षणभर पांचशे ते हजार वॅट वीज ओढतो. त्याला चुकूनही यूपीएसला जोडूं नये. थेट भिंतींतील प्लगला जोडावें. तसेंच ‘इतकीं हजार पानें’ हा आंकडा वाचतांना दोन गोष्टी समजून घ्याव्या. एक, पानाचा शेंकडा पांचच भाग अक्षरांनीं झांकलेला आहे असें साधारणतः धरून हा आंकडा काढलेला असतो; फोटो छापणाऱ्याला तो लागू नाहीं. दुसरी, नव्या प्रिंटरबरोबर मिळणारें पहिलें काडतूस पुष्कळदां अर्धवट भरलेलें असतें.

कागद छापण्याहून कागद जपण्याचें काम या भागांत अधिक मोलाचें आहे. जमिनीच्या उताऱ्याला येथें केवळ कचेरीचें महत्त्व नाहीं. नियोजित विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन द्यावी कीं न द्यावी, यावर पेण तालुक्यांतील २२ गांवांत २१ सप्टेंबर २००८ रोजीं शेतकऱ्यांचें जनमत घेण्यांत आलें होतें. अशा तालुक्यांत सातबारा, फेरफार, वाटणीपत्र आणि आजोबांच्या पेटींतील मोडी कागद हे घराचा आधार असतात. वाळवी आणि ओल यांना हें महत्त्व कळत नाहीं. म्हणून प्रिंटरबरोबर स्कॅनर असलेलें यंत्र घेणें येथें चैनीचें नव्हे. साध्या कागदासाठीं ३०० डीपीआय पुरेसे. जुन्या फोटोसाठीं व झिजलेल्या मोडी अक्षरासाठीं ६०० ठेवावे. स्वस्त स्कॅनरांना कांचेला सपाट चिकटलेलाच कागद स्पष्ट दिसतो. घडी पडलेला कागद आधीं दोन दिवस जाड पुस्तकाखालीं दाबून ठेवला तर काम चांगलें होतें. तुकडे पडूं लागलेला दस्तऐवज मात्र दाबूं नये. तो मोबाइलच्या कॅमेऱ्यानेंच वरून टिपावा.

टिपलेलें ठेवावयाचें कोठें? पेन ड्राइव्ह हें वाहन आहे, तिजोरी नव्हे. त्यांतील माहिती विजेच्या भाराच्या रूपानें धरलेली असते, आणि वर्षानुवर्षें न वापरतां ठेवल्यास तो भार विरूं शकतो. हार्ड डिस्कमध्यें फिरती तबकडी असते. ती स्वस्तांत पुष्कळ साठविते, पण चालू असतांना मेजावरून पडली कीं बहुधा कामांतून जाते. एसएसडी धक्का सोसतो. परंतु तोही अनेक वर्षें विजेविना पडून राहूं नये. यांतील कोणतीही एक वस्तु कितीही महाग घेतली तरी ती एकच असते, हाच तिचा मोठा दोष. जुलै २००५ च्या महापुरानें रायगड जिल्ह्यांत घरेंच्या घरें चिखलांत गेलीं. पेटींतला मूळ कागद आणि त्याच पेटींतली डिस्क अशा वेळीं एकदमच जातात. एका मोठ्या डिस्कच्या किमतींत दोन मध्यम डिस्का येतात. एक गडबला ठेवावी, दुसरी पनवेल-मुंबईच्या नातलगाकडे. आणि गणपतीला सारें कुटुंब एकत्र जमतें तेव्हां दोन्ही जोडून नवें तें उतरवून घ्यावें. वर्षांतून एकदां तरी डिस्क उघडून पाहण्याचा नेमही त्यामुळें आपोआप घडतो.

कीबोर्डकडे मराठी घरें फारच दुर्लक्ष करतात. त्यावरील इंग्रजी अक्षरांची मांडणी १८७४ सालीं रेमिंग्टन कंपनीनें बाजारांत आणलेल्या टंकयंत्राचा वारसा आहे. देवनागरीसाठीं इनस्क्रिप्ट ही रचना भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविली आणि पुढें १९९१ च्या भारतीय मानकांत ती आली. तींत स्वर डाव्या हाताला व व्यंजनें उजव्या हाताला आहेत. ‘ल’च्या कळीवरच शिफ्ट दाबली कीं ‘ळ’ उमटतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटविण्याची युक्ति पहिल्या दिवशीं सोपी वाटते खरी. परंतु ज्या मुलाला पुढें पानेंच्या पानें लिहावयाचीं आहेत, किंवा ज्या आजीला इंग्रजी स्पेलिंगशीं कर्तव्य नाहीं, तिच्यासाठीं कळांवर देवनागरी अक्षरें छापलेला कीबोर्ड घ्यावा. तो दुकानांत समोर मांडलेला नसतो; मागावा लागतो. चिकटविण्याचीं अक्षरें मिळतात, पण घामट बोटांनीं तीं एका पावसाळ्यांत सुटूं लागतात. बिनतारी कीबोर्ड-माऊस बंद घरांत ठेवून जातांना त्यांतील सेल काढावेत. फुटलेला सेल आंतील धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो.

माऊसबद्दल इतकेंच कीं, तो ज्याच्या हातीं जावयाचा त्याच्या तळव्यांत धरून पाहावा. आठ वर्षांच्या मुलाचा आणि वडिलांचा माऊस एकच असूं शकत नाहीं. पडदा चोवीस इंची, झळाळी नसलेला, हातभर अंतरावर आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेंत येईल असा ठेवावा. खिडकी पडद्याच्या मागें नसावी, समोरही नसावी, बाजूस असावी.

तारांच्या बाबतींत फसवणूक सर्वांत सोपी, कारण यूएसबी-सीच्या साऱ्या तारा दिसायला जुळ्या बहिणी. एक नुसतें चार्जिंग करते, दुसरी माहितीही नेते पण संथ, तिसरी पडद्यावरचें चित्रसुद्धां वाहते. खोक्यावर वॅट आणि वेग हे दोन्ही आंकडे छापलेले नसतील तर ती तार घेऊं नये. अडॅप्टर, प्रिंटर, स्कॅनर व बिनतारी कीबोर्ड यांना २०१२ च्या आदेशान्वयें भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची झालेली आहे. वस्तूवर ब्यूरोचें चिन्ह व ‘आर’ या अक्षरानें सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, आणि ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो खरा कीं खोटा तें दुकानांत उभ्या उभ्या तपासतां येतें. त्याच वेळीं कंपनीचें दुरुस्ती-केंद्र पेणला आहे, अलिबागला आहे कीं पनवेलला, हेंही विचारून ठेवावें. दहा किलोंचा प्रिंटर भर पावसाळ्यांत एस.टी.तून न्यावयाचा असतो, तेव्हां दुकानांत वांचविलेल्या दोनशे रुपयांचें कौतुक उरत नाहीं. बिल मात्र साध्या छापील चिठ्ठीवर असेल तर त्या दिवशींच स्कॅन करावें. त्या उष्णतेनें उमटविलेल्या कागदावरचीं अक्षरें हमीची मुदत संपण्याआधींच फिकीं पडतात.