जुन्या दुचाकीतील ठिणगीचे दोष व त्यांची घरच्या घरी दुरुस्ती

कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे नांदेड-हिंगोली रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव होय. आसपासच्या खेड्यांतून येथे दूध, भाजीपाला आणावयाचा आणि परत जाताना बी-बियाणे, खताची एखादी गोणी वा फवारणीचे औषध न्यावयाचे, हे काम लहान शेतकरी दुचाकीवरूनच उरकतो. नवी गाडी सर्वांनाच परवडत नाही. यास्तव लूना, एम-८०, राजदूत यांसारख्या जुन्या गाड्या काही घरी अद्याप जपून वापरल्या जातात.

पहाटे दुधाच्या कॅन बांधून किक मारावी आणि गाडीने दाद देऊ नये, असा प्रसंग अशा घरी नवा नाही. संकलनाची वेळ टळली की ते दूध घरीच राहते. पुढे गाडी ढकलत बाळापूरला न्यावयाची, त्यात दिवस मोडावयाचा, आणि प्लग, कॉइल, कंडेन्सर असे तीन-चार भाग एकदम बदलून घ्यावयाचे, असा क्रम ठरून गेला आहे. वास्तविक त्या भागांपैकी दोषी भाग बहुधा एकच असतो, आणि पुष्कळदा तोही बदलावा लागत नाही. साफ केला तरी पुरे होते. दोष कोठे आहे हे क्रमाने शोधणे, यातच सारी बचत आहे.

पेट्रोलचे इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, दट्ट्याने दिलेला दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. मिनिटास ३००० फेरे घेणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सेकंदाला ५० ठिणग्या पडाव्या लागतात. जुन्या गाडीत ही ठिणगी मॅग्नेटपासून उत्पन्न होते. मॅग्नेटच्या आतील पॉइंट उघडताच वीजप्रवाह एकाएकी तुटतो, त्यामुळे कॉइलमध्ये कित्येक हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि तो प्लगच्या टोकांतील फटीतून उडी घेतो. उच्च दाबाच्या मॅग्नेटोची ही रचना जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली सिद्ध केली. त्याच घराण्यातील 'मायको' कंपनी १९५१ साली बंगळूर येथे स्थापन झाली व तिचे प्लग खेडोपाडी पोचले. कंपनीचे नाव २००८ साली बदलले, तरी प्लगला मायको म्हणणारे लोक अजून भेटतात.

गाडी सुरू न झाल्यास प्रथम टाकीत पेट्रोल आहे काय व कॉक उघडा आहे काय, हे पाहावे. हे सांगण्याची गरज नसावी; पण असते. त्यानंतर लगेच कार्ब्युरेटर खोलण्याची अनेकांना घाई होते. ही सवय चांगली नव्हे. त्याआधी प्लग पाहावा.

इंजिन थंड झाल्यावर प्लगच्या भोवतालची धूळ फुंकून काढावी, म्हणजे ती आत पडणार नाही. मग प्लग-पान्याने प्लग काढावा. त्याच्या टोकाचा रंग इंजिनाची प्रकृती सांगतो. फिकट तपकिरी रंग असल्यास सर्व ठीक आहे. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल जास्त जात आहे किंवा हवेची गाळणी तुंबली आहे असे समजावे. टोक काळे व तेलकट ओले असल्यास टू-स्ट्रोक गाडीत ऑइलचे प्रमाण वाढले असण्याचा संभव असतो. ते गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे मापानेच घालावे. "थोडे जास्त असू द्या, इंजिनाला बरे" हा समज प्लगला मुळीच मानवत नाही. टोक पांढरेफटक असल्यास इंजिन तापत आहे, याकडे दुर्लक्ष करू नये.

टू-स्ट्रोक गाडीत काजळीचा एखादा कण दोन टोकांच्या मध्ये अडकून पूल बनतो, आणि वीज ठिणगी न पाडताच त्यावरून निघून जाते. चांगली चालत असलेली गाडी रस्त्यात अचानक बंद पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. सुईच्या टोकाने तो कण काढला की काम होते. बाकीची काजळी पितळी ब्रशने व पेट्रोलने काढून प्लग पूर्ण वाळवावा. चिनी मातीच्या भागावर पॉलिश पेपर घासू नये. ओरखड्यांत काजळी पुन्हा लवकर बसते. दोन टोकांतील फट साधारणतः ०.५ ते ०.७ मिलिमीटर असते. नेमके माप पुस्तिकेत पाहून फीलर गेजने तपासावे. फट कमी-अधिक करताना फक्त बाजूचे टोक वाकवावे, मधल्यास हात लावू नये.

आता ठिणगीची परीक्षा. साफ केलेला प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या पाख्यांना घट्ट टेकवावा व किक मारावी. प्लग उघड्या हाताने धरू नये, झटका बसतो. तसेच तो प्लगच्या भोकापासून दूर टेकवावा, कारण किक मारताना त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. साफसफाईची पेट्रोलची वाटी व ओला कपडाही आधीच दूर ठेवावा. जोमदार निळी ठिणगी पडल्यास प्रज्वलनाची बाजू बहुतांशी ठीक आहे; तेव्हा कार्ब्युरेटर पाहण्यास हरकत नाही. बारीक पिवळसर ठिणगी म्हणजे अशक्तपणा.

ठिणगी मुळीच न पडल्यास दुसरा चांगला प्लग लावून पाहावा. त्यानेही फरक न पडल्यास टोपी काढून वायरचे टोक पाहावे. ते गंजलेले असल्यास वायर लांबीस पुरत असेल तर थोडी कापून टोपी नव्याने बसवावी. वायरीस चिरा असल्यास पावसाळ्यात वीज वाटेतच निसटते. इंजिन चालू असताना अंधारात पाहिल्यास ती ठिकाणे चमकताना दिसतात.

यानंतरची तपासणी फारच थोडे लोक करतात. मॅग्नेटवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांत चावी बंद करणे म्हणजे प्रवाह गाडीच्या सांगाड्यात सोडून देणे होय. म्हणून चावीकडे जाणाऱ्या वायरीचे आवरण हँडलखाली घासून तिची तार सांगाड्याला टेकली, तर चावी चालू असूनही गाडी बंदच राहते. ती वायर तात्पुरती सोडवून, प्लग बाहेर असतानाच, पुन्हा ठिणगी पाहावी. ठिणगी आली तर दोष वायरीचा वा चावीचा आहे. कॉइल बदलण्याचे कारण नाही.

पॉइंट मॅग्नेटच्या खिडकीतून दिसतात. त्यांच्या तोंडावर खड्डे व डाग असल्यास बारीक कानशीने हलकेच सपाट करावे आणि कोरडा स्वच्छ कागद मधून ओढावा. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फट बहुधा ०.३ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात. पॉइंटची टाच झिजते तशी ही फट कमी होत जाते, ठिणगी उशिरा पडते, गाडी चढाला दम सोडते व तापते. उलट फट वाजवीपेक्षा वाढवल्यास ठिणगी लवकर पडते आणि किक उलटी बसते. दुधाच्या दोन कॅन वाचवताना पाय दुखावून घेण्यात शहाणपण नाही. पॉइंट साफ करूनही थोड्याच दिवसांत पुन्हा जळत असतील व त्यांच्यामध्येच मोठ्या ठिणग्या दिसत असतील, तर कंडेन्सर गेला असे धरून तो बदलावा.

येथपर्यंतचे काम घरी होते. मॅग्नेटचे चाक काढावयाचे असल्यास मात्र योग्य पुलर हवा. हातोड्याने ठोकून चाक काढल्यास चुंबकाचा जोर कमी होतो व दांड्याचेही नुकसान होते. तेथे जाणत्या कारागिराकडेच जावे. नंतरच्या काळातील सी.डी.आय. गाड्यांत पॉइंट नसतात. तेथे प्लग, टोपी, वायरींचे जोड व सांगाड्याशी असलेली जोडणी तपासावी; सी.डी.आय.ची डबी बंद असते, ती उघडून दुरुस्त होत नाही.

डिझेल ट्रॅक्टरला ही माहिती लागू नाही. त्यात इंधन दाबाच्या उष्णतेने पेटते, ठिणगीची योजनाच नसते. पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपास मात्र ती जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. सोयाबीनवर अळी पडली असताना पंप अडला, तर त्याचाही प्लग आधी काढून पाहावा.

गाडीच्या डिकीत प्लग-पाना, फीलर गेज, कोरडे फडके आणि एक साफ केलेला जादा प्लग ठेवावा. जादा प्लग घेताना जुन्यावरील क्रमांक मिळवून घ्यावा. आटे बसले म्हणून प्लग चालेलच असे नाही. आट्यांची लांबी जास्त असल्यास तो आत दट्ट्यावर आदळतो.