प्रवेशाची शक्यता आणि तिचे गणित
(लेखांक सहावा)

अमेरिकेतील हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते आणि त्यातील अखेरच्या वर्षाच्या, म्हणजे ‘सीनियर’ विद्यार्थ्यांची पहिली सहामाही बहुतांशी विद्यापीठांचे अर्ज भरण्यात जाते. प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हा प्रश्न त्या काळात घरोघरी विचारला जातो आणि त्याचे उत्तर सहसा विद्यापीठाच्या स्वीकृती-दरात, म्हणजे शंभर अर्जदारांपैकी किती जणांना प्रवेश देऊ केला गेला या आकड्यात, शोधले जाते. २०२३ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५६,९३७ अर्ज आले व १,९४२ जणांना प्रवेश देऊ केला गेला. हा दर ३.४ टक्के पडतो. तथापि तो संपूर्ण अर्जदार-समूहाचा सरासरी दर असल्यामुळे एका विद्यार्थ्याविषयी तो फारच थोडे सांगतो.

महाराष्ट्रात सीईटीनंतरच्या अभियांत्रिकी प्रवेशात मागील वर्षीचा ‘कटऑफ’ पाहून पालक बराचसा अचूक अंदाज बांधू शकतात, कारण तेथे गुणवत्ता यादी असते. अमेरिकेतील निवडक खासगी विद्यापीठांत अशी यादीच नसते. तेथे ‘समग्र मूल्यमापन’ होते. त्यात चार वर्षांचे गुण, शाळेत उपलब्ध असलेल्यांपैकी किती अवघड विषय निवडले, एसएटीसारखी परीक्षा, शिक्षकांची शिफारसपत्रे, निबंध आणि अभ्यासेतर कार्य या साऱ्यांचा एकत्रित विचार केला जातो. हार्वर्डच्या प्रवेश-धोरणाविरुद्ध २०१४ मध्ये दाखल झालेल्या खटल्यामुळे, एरवी बंद दाराआड चालणारी ही प्रक्रिया कागदोपत्री उघड झाली. एका वर्षाच्या अर्जदारांत एसएटीच्या गणित विभागात पैकीच्या पैकी गुण मिळवणारे सुमारे ३,४०० आणि शालेय गुणांत पूर्ण श्रेणी असलेले ८,००० हून अधिक होते, तर जागा होत्या सुमारे १,६००, असे न्यायालयाने नोंदवले. उत्तम गुण ही तेथे प्रवेशाची हमी नसून विचारात घेतले जाण्याची किमान पात्रता आहे, हे या एका नोंदीवरून स्पष्ट होते.

त्याच खटल्यातील आकडेवारीने सरासरीच्या पोटात किती भिन्न दर दडलेले असतात हेही दाखवले. विद्यापीठाच्या संघासाठी प्रशिक्षकांनी हेरलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. ज्यांचे आई किंवा वडील त्याच विद्यापीठात शिकलेले होते अशा, ‘लेगसी’ म्हणवणाऱ्या अर्जदारांपैकी सुमारे एकतृतीयांश निवडले जात होते, तर हा वारसा नसलेल्यांचा दर जेमतेम सहा टक्के होता. याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी वंशाधारित प्राधान्य घटनाबाह्य ठरवले. मात्र लेगसीला त्या निकालाने हात लावला नाही. त्याच वर्षी राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की परीक्षेतील गुण सारखे असतानाही सर्वाधिक श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात अशा विद्यापीठांत शिकायला जातात. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेविषयीचा हा निष्कर्ष पुरेसा बोलका आहे.

अर्ज केव्हा केला यावरही बरेच अवलंबून असते. ‘अर्ली डिसिजन’ या पद्धतीत साधारणतः १ नोव्हेंबरपर्यंत एकाच विद्यापीठाकडे अर्ज केला जातो, निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो आणि प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्यास विद्यार्थी बांधील असतो. या फेरीचा दर बहुधा अधिक असतो. परंतु निरनिराळ्या विद्यापीठांच्या आर्थिक मदतीची तुलना करण्याची संधी गमवावी लागत असल्याने तिचा लाभ मुख्यतः खर्चाची चिंता नसलेल्या कुटुंबांना होतो.

आणखी एक समजूत अशी की अर्जांची संख्या वाढवली की शक्यताही त्याच हिशेबाने वाढते. पाच टक्के दराच्या दहा विद्यापीठांकडे अर्ज केल्यास निदान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता गणिताने सुमारे ४० टक्के येते. पण हे गणित दहाही निर्णय परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरे ठरते. प्रत्यक्षात सर्वत्र तेच गुण, तीच शिफारसपत्रे आणि बहुधा तोच मुख्य निबंध वाचला जातो, त्यामुळे एका ठिकाणी जाणवलेली उणीव इतरत्रही जाणवण्याचा संभव मोठा असतो व वास्तवातील शक्यता सामान्य अर्जदारासाठी चाळीसच्या बरीच खाली राहते.

सार्वजनिक विद्यापीठांचे चित्र काहीसे निराळे आहे. टेक्सास राज्याने १९९७ च्या कायद्याने शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश देऊ केला. ऑस्टिन येथील मुख्य विद्यापीठासाठी ही मर्यादा पुढे आणखी कडक झाली, आणि अशा प्रवेशातही हवी ती विद्याशाखा मिळेलच असे नाही.

म्हणून न्यू जर्सीतून असो वा पुण्यातून, अर्ज करणाऱ्या कुटुंबाने यादी करताना गुण आणि खर्च या दोन्ही दृष्टींनी खात्रीची अशी दोन-तीन विद्यापीठे आधी निश्चित करावीत आणि अतिनिवडक नावे त्यानंतर जोडावीत. अमेरिकेतील चार वर्षांच्या अभ्यासक्रमांची बहुसंख्य महाविद्यालये आजही निम्म्याहून अधिक अर्जदारांना प्रवेश देऊ करतात.